पंगसच्या माहेरची माणसं

बायाबाई दिघोरेचं उभ्या जगात कोणाशी वैर नव्हतं. सासूशी तिचं जमलं, दोन्ही जावांशी जमलं. कोंढ्याच्या बाजारात शेजारी बसून तिचीच गिऱ्हाइकं ओढणाऱ्या गोदावरीबाईशी तर इतकं जमलं, की दोघी एकाच पुडीतला खर्रा वाटून खात. वैर होतं ते एका माशाशी. पंगस त्याचं नाव.

कोंढ्यापासून थोडं आत, जुन्या मामा तलावाच्या, म्हणजे मालगुजारांच्या काळातल्या तलावाच्या, पाळीला लागून ढिवरटोली आहे. तीसेक घरं, सगळी ढिवरांची. तलावातला मासा काढायचा, बाजारात नेऊन विकायचा, पावसाळ्यात जाळी विणायची, हा टोलीचा पिढ्यांचा धंदा. बायाबाई या टोलीत लग्न होऊन आली तेव्हा तिला नीट पदरही सावरता येत नव्हता, पण मासा कळत होता. डोळे मिटून टोपल्यात हात घातला तरी ती सांगायची, ही बोटरी, हा शिंगूर, ही मरळ, आणि ही मरळ कालची आहे, मले फसवू नोको.

मग बाहेरचा मासा यायला लागला. आधी आंध्रातून थर्माकोलच्या पेट्यांत, बर्फात निजून आला. त्याला बायाबाईनं कसंबसं सहन केलं. दूरदेशीचा असला तरी त्याच्या अंगावर खवले होते, तोंडावर काही अब्रू होती. त्याच्या मागोमाग आला पंगस. गुळगुळीत, पांढऱ्या पोटाचा, बारीक डोळ्यांचा. बायाबाईनं बाजारात पहिल्यांदा पाहिला तेव्हा एका बोटानं दाबला, बोट नाकाशी नेलं आणि टेम्पोवाल्याला विचारलं, "याले खवले नाई, काटे नाई, वास नाई. मंग याले मासा कायले म्हनता गा?"

"नागपूरच्या हाटेलात लय चालते, मावशी. काटा नाई म्हनून पोट्टेपाट्टे पटापटा खाते."

"काटा नाई तं जिभीनं करावं काय? बसून राहावं?"

त्या दिवसापासून वैर सुरू झालं. पंगस तिनं कधी विकला नाही, शिजवला नाही, घरात आणू दिला नाही. आणि नेमका तिच्याच पोटच्या धनराजनं, गावातल्या एकाची शेतातली बोडी ठेक्यानं घेऊन तिच्यात पंगसची पिल्लं सोडली! बोडी म्हणजे बांधाआड साठवलेलं लहानसं तळं. त्यात पंगस असे काही वाढले, की वर्षाच्या आत नागपूरची गाडी दारात येऊन उभी राहायला लागली. दुसरी एखादी आई असती तर तिनं अबोला धरला असता. बायाबाई रागावली की उलट तिचं बोलणं दुप्पट व्हायचं. सकाळी चुलीपुढे बसल्यापासून ती पंगसच्या सात पिढ्यांचे वाभाडे काढी आणि धनराज भिंतीकडे तोंड करून चहा पिई.

तिचा नवरा तुलाराम मुळात कमी बोलणारा. ओसरीत बसून जाळी सांधणं हे त्याचं काम. एकदा तो दुपारी बोडीवरून आला, मिशीला हात फिरवत. बायाबाईनं त्याचा उजवा हात धरला, हुंगला आणि टोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "धन्याच्या बापा! पंगस खाऊन आले ना?"

"थोडासाच," तुलाराम म्हणाला. "पोरानं देला. नाई म्हनता येते का?"

पुढचे आठ दिवस तुलारामनं जाळं सांधता सांधता जे ऐकलं, ते त्याचं त्यालाच माहीत.

पण बायाबाई नुसती बोलणारी नव्हती. काही वर्षांपूर्वी तलावाची दशा झाली होती. काठानं बेशरमची झाडं इतकी माजली की पाण्यापर्यंत जायला वाट उरली नाही, आणि देशी मासा दिसेनासा झाला. पुरुष म्हणाले, आता नाही जमत, मजुरीला जाऊ. बायाबाईनं बारा बायका गोळा केल्या, लुगड्याचा काचा मारला आणि कंबरभर पाण्यात उतरून बेशरम उपटायला घेतली. नागपूरच्या एका संस्थेची कीर्ती नावाची मुलगी वही घेऊन यायची. तिनं सांगितलं, नुसतं उपटून भागणार नाही, माशाला अंडी घालायला जुन्या वनस्पती परत लावाव्या लागतील. त्या कोणत्या, हे मात्र कीर्तीला बायाबाईनंच सांगितलं. देवधान कुठं लावायचं, चौऱ्याच्या वेली कुठं सोडायच्या, गाद किती पाण्यात तगते, सगळं. दोन पावसाळे गेले आणि एका सकाळी गोदावरीबाईच्या जाळ्यात हातभर मरळ आली. बायका काठावर अशा नाचल्या, की तुलारामला वाटलं कोणाला साप चावला.

कीर्तीनं हे सगळं इंग्रजीत लिहून कुठंतरी कॉम्प्युटरवर टाकलं. टोलीला त्याचं काही माहीत नव्हतं.

डिसेंबरात एका दुपारी धनराजची बायको रंजू फोन हातात धरून पाळीवर धावत आली. बारावी झालेली, चटपटीत पोर.

"आत्याबाई! कीर्तीताईचा फोन आला. आपला तलाव पाहाले पाहुने येऊन राहिले. व्हिएतनामहून!"

"कोन्त्या तालुक्यात येते थे?"

रंजूनं फोनवर नकाशा काढला. बोटानं सरकवत सरकवत भंडारा गेलं, रायपूर गेलं, कलकत्ता गेलं, समुद्र आला. बायाबाई पाहत होती. बोट सरकतच होतं. शेवटी समुद्राच्या कडेला लाल ठिपका दिसला. तेवढ्यात मागून धनराजचा आवाज आला. त्याला हसू आवरत नव्हतं.

"माय, पंगस तठलाच हाय. थे त्याचं माहेर."

बायाबाईनं हातातलं टोपलं खाली ठेवलं. तिच्या डोळ्यांत अशी चमक आली की धनराजला आपण बोललो याचा पश्चात्ताप झाला.

"असं? म्हंजे त्याच्या माहेरचे लोक येऊन राहिले. येऊ दे. मले त्याहिले एक गोष्ट पुसाची हाय."

त्यानंतरचा महिना टोलीला काही सुचलं नाही. बायाबाई काय पुसणार, यावर बाजारात, पाणवठ्यावर, भजनात चर्चा. सरपंच मारोतरावांना तर घाम फुटला. त्यांनी पवनीहून बॅनर छापून आणलं. त्यावर त्यांचा स्वतःचा फोटो बैलाएवढा, पाहुण्यांचं नाव मुंगीएवढं, आणि कोपऱ्यात वाढदिवसाच्या कोणत्या तरी बॅनरवरचे फुगे तसेच राहून गेलेले. जेवणाचंही त्यांनीच ठरवलं. ते तडक कोंढ्याला गेले आणि बसस्टँडवर चायनीजची गाडी लावणाऱ्या कुंदनला सांगून आले.

बायाबाई त्यांच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली. "मारोतभाऊ, ढिवराच्या घरी पाहुने येते अन् तुमी त्याहिले कोबी चारता?"

"बाई, थे लोक चायनीज खाते. टीव्हीवर दिसते ना."

"मासे काय कमी हायेत आपल्या तलावात?"

"अन् मासा नाई पचला तं? आजारी पडले तं? पेपरात माहं नाव येईन, तुमचं नाई येत!"

जानेवारीतल्या एका सकाळी, ऊन नुकतं तापू लागलं असताना, पांढरी गाडी पाळीशी थांबली. बँजोपार्टी वाजायला लागली. आधी कीर्ती उतरली. मग चष्मा घातलेला एक सडपातळ तरुण, मिन त्याचं नाव. त्याला इंग्रजी यायचं. आणि मग सगळे ज्या "मॅडम"ची वाट पाहत होते, ती उतरली. साठीची, ठेंगणी, उन्हानं रापलेली, पायात रबरी चपला. नाव ताम. मारोतराव हार घेऊन तिच्या मागं आणखी कोणी उतरतंय का ते पाहू लागले.

बायाबाईनं मात्र पहिल्यांदा तिचे हात पाहिले. बोटांवर बारीक पांढरे व्रण, नखांच्या कडा काळ्या, अंगठ्याशी जुन्या जखमेची खूण. माशाच्या काट्यानंच असं होतं. बायाबाईचं मन थोडं हललं. पण प्रश्न तर विचारायचाच होता.

हार झाले, नारळ झाला, मारोतरावांचं भाषण झालं. मग मंडपात कीर्ती म्हणाली, "बायाबाई, तुम्हाला काही बोलायचं होतं ना?"

बायाबाई उठली. पदर खोचला. तिथं तीस घरांची टोली होती, पण आवाज फक्त बँजोवाल्याच्या खोकण्याचा.

"मले एवढंच पुसाचं हाय," ती तामकडे सरळ पाहत म्हणाली, "का तुमचा तो पंगस तुमी आमच्या इकडे कायले धाडला? आमी तुमचं काय बिघडवलं होतं?"

कीर्तीनं इंग्रजीत सांगितलं. मिननं चष्मा सावरला आणि आपल्या भाषेत सांगितलं. तामनं ऐकलं. तिचे डोळे बारीक झाले. ती काहीतरी बोलली, हात हवेत नाचवत, लांबलचक. मिन हसायला लागला. त्यानं कीर्तीला सांगितलं आणि कीर्ती हसायला लागली. बायाबाईला राहवेना.

"अवं सांग ना, काय म्हनते थे?"

"त्या म्हणतात," कीर्ती डोळे पुसत म्हणाली, "मी वीस वर्षांपासून पंगस पाळते. सगळा बोटीतून बाहेर जातो, कोणत्या देशात जातो तेही मला धड माहीत नाही. पण घरी आम्ही कधी शिजवत नाही. त्याला चव कुठं असते?"

 बायाबाईच्या पोटातून असं हसू उसळलं, की ती मंडपातल्या सतरंजीवर बसली आणि बसल्या बसल्या आडवी झाली. गोदावरीबाईनं तिला धरलं तर तीही हसत खाली. ताम खुर्चीवरून उठून आली, बायाबाईसमोर उकिडवी बसली आणि दोघी एकमेकींच्या गुडघ्यांवर थापा मारत हसत राहिल्या. फक्त धनराज मागच्या रांगेत मान खाली घालून बसला होता. त्याच्या खांद्यावर तुलारामनं हात ठेवला आणि म्हणाला, "मले तं आवडला होता."

यानंतर कीर्तीच्या आणि मिनच्या हातात काही उरलं नाही. तामनं बायाबाईला वय विचारलं. त्यांच्याकडे वय कळल्याशिवाय कोणाला काय म्हणून हाक मारायची तेच ठरत नाही. बायाबाईनं सांगितलं, "तलावाची पाळ फुटली होती त्या साली मी रांगत होती." आधार कार्ड मागवलं, हिशेब झाला. बायाबाई दोन वर्षांनी मोठी निघाली. ताम आनंदानं ओरडली, "ची! ची बाया!"

"काहून वं? माह्याकडे पाहून छी म्हनते?" बायाबाई भडकली.

"मोठी बहीण, बायाबाई!" कीर्ती घाईनं म्हणाली. "त्यांच्यात मोठ्या बहिणीला 'ची' म्हणतात!"

"असं? मंग म्हन बापा, म्हन."

सगळे तलावाकडे निघाले. थंड वाऱ्यानं पाणी थरथरत होतं, देवधानाच्या पातींत पाणकोंबड्या शिरत होत्या. तितक्यात कडेला काहीतरी सळसळलं. ताम थबकली, बोट दाखवून आवाज वर चढवत म्हणाली, "का?"

"का म्हंजे? तलाव हाय म्हनून," बायाबाईनं सांगितलं.

"का! का!"

"आता याले का सांगू? देवानं पानी देलं, आमी बेशरम उपटली..."

"का लोक!" ताम नाचायला लागली. "का लोक!"

"लोक? लोक तठी मांगं हायेत, सारे येऊन राहिले!"

मिन धापा टाकत पोचला. त्याच्याकडून कीर्तीला आणि कीर्तीकडून टोलीला कळलं, की त्यांच्या भाषेत 'का' म्हणजे मासा आणि 'का लोक' म्हणजे मरळ.

"मरळीले लोक म्हनते?" गोदावरीबाईनं कपाळावर हात मारला. "अवं माय, मंग तं आपुन जलमभर लोकच पकडून राहिलो!"

मारोतराव पाहुण्यांना मंडपाकडे वळवायला धावले, तोवर तामनं चपला काढल्या होत्या. पँट गुडघ्यावर गुंडाळून ती पाण्यात उतरलीसुद्धा. "मॅडम! पानी थंडं हाय! मॅडम, न्युमोनिया!" मारोतराव काठावरून ओरडत होते. मॅडमनं मागं वळून हात पुढे केला, जाळं मागितलं. कोणी पुढं होईना. तेव्हा तुलाराम आला. त्याच्या खांद्यावर त्याचं स्वतःचं फेकजाळं होतं, ज्याला त्यानं आजवर धनराजलाही हात लावू दिला नव्हता. काही न बोलता त्यानं ते तामच्या खांद्यावर ठेवलं.

तामनं दोरी दातात धरली, कमरेतून वळली आणि जाळं फेकलं. हवेत ते पुरं गोल उघडलं आणि सपकन पाण्यावर बसलं. टोलीच्या तोंडून एकदम "वा!" निघालं. पहिल्या खेपेला दोन गोगलगायी आणि शेवाळ. ताम स्वतःवरच हसली. दुसऱ्या खेपेला जाळं ओढतानाच जड लागलं, तेव्हा बायाबाई, गोदावरीबाई आणि आणखी चार जणी नव्या लुगड्यांसकट पाण्यात उतरल्या होत्या. जाळ्यात दोन मरळी आदळआपट करत होत्या. ओरडा असा झाला, की बँजोवाल्यांना वाटलं कार्यक्रम सुरू झाला आणि ते वाजवू लागले.

आता जेवण. कुंदननं मंडपात कढई तापवलीच होती. पण तामनं मरळी हातात घेतल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि खळ्यातल्या तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगाकडे चालू लागली. एक काडी घेतली, मरळीच्या तोंडातून आरपार घातली, मासा डोकं खाली करून जमिनीत रोवला आणि वर तणस रचू लागली.

बायाबाईनं तिचा हात धरला. तिचे डोळे गोल झाले होते. "रंजू! पाह्य वं! हे आपल्यासारखंच तणसात भुंजते!" तिच्या लहानपणी, धान कापणीच्या दिवसांत, तिचा बाप शेताच्या बांधीतच तणस पेटवून मासा भाजायचा. पण त्याची तऱ्हा वेगळी. "असा उभा नाई, तामबाई. आडवा. पळसाच्या पानात." तामनं मान हलवली: नाही, उभाच. बायाबाईनं मान हलवली: आडवा. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींच्या लक्षात आलं, मरळी दोन आहेत.

दोन आगट्या पेटल्या. अर्धी टोली तामच्या बाजूनं बसली, अर्धी बायाबाईच्या. तणस भडकलं, विझलं, राख उडाली, म्हाताऱ्या बायका शिंकल्या. काळं सालटं ओढल्यावर आतून पांढरंशुभ्र, वाफाळतं मांस निघालं. निकाल द्यायला मारोतरावांना बसवलं. त्यांनी एक घास इकडचा घेतला, एक तिकडचा. मग पुन्हा इकडचा. मग पुन्हा तिकडचा.

"भाऊ, निकाल सांगा!" गोदावरीबाई ओरडली.

"थांबा जी, समजून नाई राहिलं," म्हणत त्यांनी दोन्ही मरळींचं अर्धं अर्धं अंग संपवलं, तेव्हा लोकांनी त्यांना उठवलं.

मंडपात कुंदन उदास बसला होता. त्याच्या मंच्युरियनकडे कोणी फिरकलं नव्हतं. फक्त मिन. तो एका कोपऱ्यात बसून तिसरी प्लेट खात होता, नाकातून पाणी, कानापर्यंत लाल. "हे फार छान आहे," तो कीर्तीला म्हणाला. "कोणत्या देशाचं?"

"चीनचं," कीर्ती म्हणाली.

"नाही. मी चीनमध्ये दोन वर्षं शिकलोय. तिथं असं काही नसतं."

कीर्तीनं हे मराठीत सांगितलं. मारोतराव विचारात पडले. "मंग हे हाये तरी कोठचं?"

कुंदन उठून उभा राहिला. छाती फुगवून त्यानं झारा कढईवर आपटला. "कोंढ्याचं!"

निघण्याआधी तामनं धनराजची बोडी पाहायचा आग्रह धरला. धनराज लाजत पुढं चालला. तिनं पाणी ओंजळीत घेऊन हुंगलं, खाद्याच्या पोत्यात हात घातला आणि धनराजला आईनं रागवावं तसं रागवली. एवढं खाद्य टाकतोस, निम्मं तळाशी सडतं. पाणी बदलत नाहीस, म्हणून माशाला मातीचा वास येतो. धनराजनं सगळं फोनमध्ये रेकॉर्ड करून घेतलं. मग तिनं त्याच्याकडून एक पंगस मागितला, बायाबाईच्या चुलीपुढं ठाण मांडलं आणि चिंच, टमाटर, थोडा गूळ आणि लसूण घालून आंबटगोड रस्सा केला. वाटी बायाबाईच्या हातात दिली.

टोली चुलीभोवती गोळा झाली. तुलारामनं सांधणी थांबवली.

बायाबाई रस्सा प्याली. तिनं माशाचा तुकडा तोंडात टाकला. चावला.

"चिंच चांगली हाय," ती म्हणाली.

"अन् मासा, माय?" धनराजनं विचारलं.

बायाबाईनं वाटी पुन्हा पुढं केली. "मासा चिंचेले आड येत नाई. वाढ आनखी."

गाडी सुटताना ताम रडली, बायाबाई रडली, आणि मारोतराव सगळ्यांत जास्त रडले. तामच्या खांद्यावर गोदावरीबाईनं दिलेला टॉवेल होता आणि बायाबाईच्या गळ्यात तामचा निळ्या चौकडीचा रुमाल.

वाटलं, संपलं. पण संपलं नाही. चार दिवसांनी रंजूच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर ताम, मागं मोठी नदी आणि तिच्या हातात एक भलामोठा मासा. बायाबाईनं टोपल्यातला शिंगूर उचलून दाखवला. ताम तिच्या भाषेत भडाभडा बोलली, बायाबाई आपल्या. अर्धा तास. मग हे दर आठवड्याला होऊ लागलं. तुलारामनं एकदा विचारलं, "तुले समजते का थे काय म्हनते?"

"समजाचं काय हाय त्याच्यात? आज तिच्या सुनेनं जाळं फाडलं, म्हनून कावून राहिली."

रंजूनं गुपचूप मिनला मेसेज करून विचारलं. खरंच, त्या दिवशी सुनेनं जाळं फाडलं होतं.

पावसाळ्यात पत्र आलं. तामच्या गावच्या मासेवाल्या बायकांनी दोन जणींना बोलावलं होतं: बायाबाईला आणि सोबतीला रंजूला. दिवाळीनंतर, आठ दिवस. टोलीत पासपोर्ट कोणी पाहिला नव्हता. चौकशीसाठी पोलीस आला तेव्हा सगळ्यांना वाटलं धनराजनं काही केलं. पोलिसानं वही उघडून विचारलं, "बाई, तुमच्यावर काही गुन्हा वगैरे?"

"पंगसले शिव्या देल्या. थो धरते का?"

पोलीस सज्जन होता. त्यानं चहा घेतला आणि "काही नाही" असं लिहिलं.

दिवाळी झाली, धान पिवळं पडलं, आणि दोन क्रुझर भरून टोली नागपूरच्या विमानतळावर आली. बँजो रंजूनं कसाबसा थांबवला होता. आत यंत्रानं बायाबाईची पिशवी पाहिली आणि वर्दीवाल्यानं ती बाजूला काढली. "माताजी, इसमें क्या है?" त्यानं चेन उघडली आणि मागं सरकला. सुकवलेले झिंगे. चांगले दोन किलो, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत बांधूनही सगळ्या रांगेला कळतील असे.

"बहीन के लिये है," बायाबाई म्हणाली. "छोटी बहीन. उसके गाव में ऐसे नही मिलते."

वर्दीवाला भंडाऱ्याजवळच्याच बालाघाटचा निघाला. त्यानं डोळे मिटून एकदा दीर्घ वास घेतला, मग तिकडे गेल्यावर अडवतील म्हणून पुन्हा पुन्हा बजावलं आणि शेवटी अर्धा किलो ठेवून घेऊन बाकीचं जाऊ दिलं.

विमान कलकत्त्याकडे निघालं. चढताना बायाबाईनं रंजूचा हात इतका दाबला की बांगडी वाढवली. मग विमान सरळ झालं, तिनं एक डोळा उघडला, खिडकीबाहेर पाहिलं आणि दुसराही उघडला.

खाली पिवळं धान आणि धानाच्या मधोमध तलाव. एक नाही, दहा नाही. पितळी थाळ्या मांडून ठेवाव्या तसे, लहान, मोठे, वाकडे, गोल, सगळे एकदम उन्हात चमकत होते. आयुष्यभर तिनं एका वेळी एकच तलाव पाहिला होता.

"रंजू! अवं रंजू! आपला कोन्ता?"

"कसं सांगू आत्याबाई, एवढ्या उंचावरून?"

"थो! थो पाह्य, वाकड्या पाळीचा! थोच हाय! धन्याचा बाप बसून हाय पाळीवर, मले दिसला!"

पलीकडच्या ओळीतला एक टाय घातलेला माणूस उठून वाकला. "कहाँ? कहाँ?" मागच्या दोन बाया उठल्या. बायाबाईनं सगळ्यांना हातानं दाखवलं, तो, त्याच्या बाजूचा नाही, त्याच्या पलीकडचा. हवाई सुंदरी धावत आली, "मॅम, प्लीज बसा, पट्टा लावा," पण तिलाही बायाबाईनं खांदा धरून खिडकीशी ओढलं. तीही वाकून पाहायला लागली. आणि मधल्या एवढ्याशा फटीतून, काचेला नाक लावून, बायाबाई खालच्या सगळ्या तलावांना दोन्ही हात हलवत होती.